रविवारचा विषय: हात

बिस्किटाच्या जुन्या डब्यातून चिठ्ठी निघते,
मागच्या खेपेला निघाली: हात.

सात दिवस, एक विषय, चार बाय सहाचा एकच फोटो.
मग सावद्यात, बेंडाळे सरांच्या क्लासमध्ये, रात्री आठला,
फळ्यावरचं वर्तुळाचं प्रमेय न पुसता
त्याच्यावरच चिकटपट्टीने आमचे फोटो.

नियम सरांचा:
प्रत्येकाने प्रत्येक फोटोवर काहीतरी बोलायचं,
"छान" हा शब्द सोडून.
आणि ज्याचा फोटो, त्याने गप्प बसायचं.
काय म्हणायचंय ते फोटोला म्हणू द्या, सर म्हणतात,
तुम्ही काय वकील आहात त्याचे?

मी बोलण्यात पटाईत.
दिवसभर औषधाच्या काउंटरमागे
डॉक्टरांची अक्षरं लावून लावून
मला चूक आधी दिसते, माणूस मग.
प्रमिला भारंबेंची तापी: क्षितिज डावीकडे सांडतंय.
सरांचा नातू: डोक्यातून खांब उगवलाय.
सिकंदर तडवीची शेळी: हललीय.

त्या रविवारीही तेच.
त्याने आईचे हात आणले होते,
परातीत कळण्याचं पीठ,
आणि हात नव्हतेच खरं तर,
बोटांच्या जागी नुसता करडा धूर.
"हललाय," मी म्हणालो. "शटरचा वेग वाढव.
नाहीतर सांगायचं आईला, क्षणभर थांब."
सिकंदर गप्प. नियमच तसा.
कॅमेऱ्याचा पट्टा बोटाला गुंडाळत राहिला,
सोडत राहिला.

मग माझा.
केळीच्या धक्क्यावरचे उखर्डूभाऊ, खांद्यावर घड,
मनगटावर तिरपं ऊन,
चिकाचे काळे डाग, नखं, शिरा, सगळं मोजून घ्या.
भारंबेबाई म्हणाल्या, शिरा नकाशातल्या नद्यांसारख्या.
सर म्हणाले, उजेड अगदी जागेवर.
मी भाकरीसारखा फुगत चाललो.

सिकंदर जवळ जाऊन बराच वेळ पाहत होता.
दहावीनंतर दोन उन्हाळे गाड्या भरल्यात त्याने.
म्हणाला,
"काका, घड कितीक वेळ धरायला लावला त्यांना?"

एवढंच.

पंखा फिरत होता. एक फोटो फडफडत होता.
उत्तर होतं माझ्याकडे:
सातपुड्यावरून ढग आला होता उन्हावर,
तो सरकेपर्यंत. तीन मिनिटं फार तर.
बरं, पाच.
"भाऊ, थांबा जरा, सोडू नका आता."
पण नियम.
तो सरांनी कोणाच्या सोयीसाठी केला असेल,
याचा मी याआधी विचार केला नव्हता.

रात्री डोळ्यांपुढे माझा फोटो नव्हता, त्याचा होता.
कोणी थांब म्हटलं नाही अशी एक बाई,
तिला भाकरीला उशीर होतोय.

बुधवारी दुकान उघडायच्या आधी गेलो धक्क्यावर,
फोटो आठ बाय बाराचा करून.
द्यायचं काय होतं, माफी की फोटो,
ते वाटेतही ठरलं नव्हतं.
उखर्डूभाऊंनी हात आधी पंच्याला पुसले,
फोटो कडेनेच धरला, उन्हाकडे कलता केला,
स्वतःच्या हातांकडे पाहिलंसुद्धा नाही.
ओठ हलवत काहीतरी मोजलं.

"नऊ फण्यांचा घड व्हता तो," म्हणाले.
"याच्यात तं सातच हाये.
दोन कुठी गेल्या?"

कड मीच कापली होती,
हात मोठे दिसावेत म्हणून.

पलीकडून ट्रकवाला हाका मारत होता.
ते मात्र तसेच उभे, माझ्याकडे पाहत.
हा काही क्लास नव्हता.
इथे बोलायला हरकत नव्हती.